चाळीस पदार्थांचं मीठ

शनिवारी सकाळी सव्वासात वाजता पवित्राने फोन उघडला आणि आकडा दिसला दोन हजार एकशे चाळीस. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. आकडा तोच. आदल्या संध्याकाळी तो बाराशेच्या आसपास होता. म्हणजे कुंभकोणम् झोपलेलं असताना नऊशेहून अधिक माणसांनी तिचं ई-पुस्तक उतरवून घेतलं होतं, आणि त्यात तिच्या नातेवाइकांचा भरणा नव्हता.

ही नातेवाइकांची गोष्ट सांगायलाच हवी. पवित्राचं हे तिसरं पुस्तक. पहिलं होतं वेळेच्या नियोजनावर, आणि ते लिहिलं होतं अशा बाईने जिने आयुष्यात एकही लग्नपत्रिका ठरल्या दिवशी छापून दिली नव्हती. दुसरं रांगोळ्यांचं. त्या दुसऱ्याच्या अकरा प्रती खपल्या. नऊ नातेवाइकांनी घेतल्या, दहावी खरेदीचं बटण चालतं की नाही हे पाहायला तिने स्वतःच घेतली, आणि अकरावी कोणी घेतली हे कोडं अजून सुटलेलं नाही. एवढ्यावर कोणीही शहाणं माणूस गप्प बसलं असतं. पवित्रा बसली नाही. लोक लग्नाची आमंत्रणं फोनवरच धाडू लागल्यापासून तिचं पत्रिकांचं दुकान बसलं होतं, ते तिने गेल्या वर्षी आषाढात बंद केलं आणि नवऱ्याला सांगून टाकलं, की आता पुस्तकंच. अश्विन पितळी भांड्यांच्या दुकानात कामाला. तो फक्त म्हणाला, "या वेळेस काहीतरी तुला येतं तें लिही."

तिला येत नव्हतं, पण घरात एकीला येत होतं. पवित्राची सासू मीनाक्षीबाई. नात्याने सख्खी आत्या, म्हणून लग्नानंतरही पवित्रा तिला अत्याच म्हणे. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की तमिळ, असं हे पिढ्यान्‌पिढ्यांचं कुटुंब. आणि मीनाक्षीबाईंनी चाळीस वर्षं अशाच घरांतल्या लग्नामुंजींच्या पंगती रांधल्या होत्या. वांग्यांची आंबट रसवांगी, उडदाच्या पिठाची डांगरपचडी, पुरणपोळी, आमटी. सगळं देवाला दाखवायचं म्हणून रांधताना एकदाही न चाखता. वास घेऊन, उकळीचा आवाज ऐकून, रंग पाहून.

पवित्राने यातच आपला ब्रँड पाहिला आणि तिथे मात्र तिचं डोकं चाललं, हे कबूल करावं लागेल. 'मीनाक्षीबाई समैयल', म्हणजे मीनाक्षीबाईंचा स्वयंपाक. खाली छोट्या अक्षरांत, 'न चाखता रांधायचे चाळीस पदार्थ'. मुखपृष्ठावर चेहरा नाही, फक्त बाईंचा उजवा हात, कारण फोनच्या पडद्यावर मुखपृष्ठ टपाल तिकिटाएवढंच दिसतं आणि तेवढ्यात हात ओळखू येतो. एक तमिळ आवृत्ती, एक इंग्रजी. पहिले पाच दिवस फुकट, मग किंमत. पुढे सणांचा भाग, मग मसाल्यांचा. तिन्हींवर तोच हात. पहिल्या भागाच्या शेवटच्या पानावर दुसऱ्याची आगाऊ नोंदणी.

जाहिरातीला पैसे नव्हते, म्हणून ती पायपीट करत हिंडली. मरुदानल्लूरच्या भजनमंडळींच्या तीन व्हॉट्सॅप गटांत तिने पुस्तकाची लिंक टाकली. पण खरी अक्कल स्वामीमलैला चालली. तिथे साईकुमार नावाचा ओतारी पंचधातूच्या मूर्ती करतो. पवित्राने त्याला पटवलं, की मूर्ती घेणारा माणूस घरी गेल्यावर आधी हेच विचारतो की नैवेद्याला काय करायचं. तेव्हापासून साईकुमारच्या दुकानातल्या प्रत्येक खोक्यात मूर्तीच्या पायाशी एक कार्ड जाऊ लागलं. कार्डावर चौकोनी कोड, त्यावर फोन धरला की पुस्तक. मूर्ती सिंगापूरला गेल्या, कॅनडाला गेल्या, बरोबर मीनाक्षीबाईही गेल्या.

आणि आता हे दोन हजार एकशे चाळीस. त्याच्या खाली ई-पुस्तकांच्या दुकानाचं पत्र. नवरात्राच्या आठवड्यात ते पहिल्या पानावर दहा पुस्तकं मांडणार होते, त्यांत हे एक निवडलं होतं. अट एकच: सोमवारी सकाळी दहा वाजता वाचकांच्या ताऱ्यांची सरासरी चार किंवा वर हवी. पवित्राची होती चार पूर्णांक सात.

ती स्वयंपाकघरात धावली. "अत्या, पहिल्या पानावर तुमचं नाव येणार. सोमवारी."

"कशाच्या पानावर?"

"दुकानाच्या. लाखो लोक पाहतात तें."

मीनाक्षीबाई शेवग्याचा पाला खुडत होत्या. "लाख लोकांचं रांधायला मोठा हंडा होणार," असं म्हणून त्यांनी पुढची डहाळी घेतली. पण त्या गालात हसत होत्या आणि पवित्राने ते पाहिलं.

दुपारी बारापासून उतरती कळा लागली. कोइमतूरच्या एका बाईने एक तारा दिला आणि लिहिलं, 'पुस्तक सुंदर. मीठ कुठे आहे?' पवित्राला वाटलं, एखाद्या पदार्थात राहिलं असेल. मग मदुरैहून एक तारा, बंगळूरहून दोन. 'आमटीत मीठ लिहिलेलं नाही.' 'रसवांगीत नाही.' 'पचडीत नाही.' आधीच्या दिवसांतले तारे लोकांनी न रांधताच दिले होते. शनिवार सुट्टीचा, आज सगळ्यांनी चुली पेटवल्या होत्या. चोळपुरम्‌च्या शंकरनारायण नावाच्या माणसाने तर लिहिलं, 'एकोणचाळीस पानं वाचली, तीन पदार्थ केले, तिन्ही आळणी. या बाईंनी सगळं मीठ स्वतःसाठी ठेवून घेतलं काय?' या शेऱ्याखाली चारशे लोक हसून गेले होते.

पवित्राने आपलं पुस्तक उघडलं आणि 'मीठ' हा शब्द शोधायला लावला. उत्तर आलं, सापडला नाही. चाळीस पदार्थ, एकशे बारा पानं, आणि मीठ हा शब्द एकदाही नाही.

आणि का, ते तिला तिथल्या तिथे कळलं. नैवेद्याच्या पदार्थात मीठ घालताना बोलायचं नाही, ही त्यांच्या घरातली जुनी रीत. हाताचा अंदाज तुटतो म्हणा, थुंकी उडते म्हणा, रीत ती रीत. आणि पवित्राने पुस्तक लिहिलं होतं कसं? सहा महिने ओट्यावर फोन ठेवून, अत्या जे जे बोलतील ते ते ध्वनिमुद्रित करून, मग कानाला यंत्र लावून शब्द न्‌ शब्द उतरवून. मोहरी तडतडू दे, बोलल्या. हिंग पाण्यात कालव, बोलल्या. मग जरा शांतता, पळीचा आवाज, आणि मग, आता झाकण ठेव. ती शांतता कागदावर कशी येणार? स्वल्पविराम तिने चारदा तपासले होते.

साडेतीनला फोन आला तो चेन्नईहून. महालक्ष्मी नावाची बाई, तिची कंपनी आरोग्याची ई-पुस्तकं काढते आणि इतरांचे चांगले ब्रँड विकतही घेते. पंधरा दिवसांपूर्वी तिने पवित्राशी सहज बोलून ठेवलं होतं. आज तिचा आवाज मधासारखा होता.

"पवित्रा, तुम्ही चुकून सोनं काढलंय," ती तमिळमध्ये म्हणाली. "मिठाशिवाय चाळीस पारंपरिक पदार्थ. रक्तदाबवाल्यांना हेच हवंय. आताचं पुस्तक काढून टाका, आम्ही नवं नाव देऊ, आमच्या डॉक्टरांचा फोटो घालू. तुम्हाला दर महिन्याला ठरलेली रक्कम. वर्षभर."

"आणि मीनाक्षीबाई?"

"आभारात घालू. आतल्या पानावर. डॉक्टरांच्या पुस्तकावर आचारीणबाईंचं नाव बरं दिसत नाही, हे तुम्हालाही कळतं."

पवित्राने लगेच नाही म्हटलं नाही. हे लपवण्यात अर्थ नाही. दर महिन्याला ठरलेली रक्कम म्हणजे काय, हे बंद दुकानाची किल्ली जिच्या पर्समध्ये आहे तिलाच कळतं. ती म्हणाली, "उद्या दुपारी सांगते," आणि फोन ठेवल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली. तारे तोवर तीन पूर्णांक सहावर आले होते.

अत्यांना सांगणं भाग होतं. ती त्यांच्यापुढे जमिनीवर बसली.

"अत्या, पुस्तकात मीठ नाही."

"कोठल्या पदार्थात?"

"कोठल्याच नाही. तुम्ही बोललात तेवढं मी लिहिलं."

"मग तें कैसं येईल? मीठ घालताना मी बोलतच नाही." मग त्याच म्हणाल्या, "आणि तू मजला सगळं वाचून दाखवलंस तेव्हां मलाही नाही कळलं. तू वाचत होतीस, माझा हात आपला आपण मीठ घालत होता." त्यांनी उजवा हात उलटासुलटा करून पाहिला. "किती जणांनी रांधलं?"

"लिहिलंय तें त्रेसष्ट जणांनी."

"त्रेसष्ट घरांत माझ्या नावानं आळणी जेवले." त्यांचा चेहरा पडला. "पंगतीत एकानं कधी आळणी म्हटलं नाही मजला. एकानं पण."

पवित्राने मग महालक्ष्मीचं बोलणं सांगितलं, काहीही न गाळता. डॉक्टरांचा फोटो, महिन्याची रक्कम, आतल्या पानावरचे आभार.

"घे की मग," मीनाक्षीबाई म्हणाल्या. "तुला पैसा येतो ना, परवा इल्लै, चालेल. नाव काय, कधी होतं तें? चाळीस वर्षं लोक 'सुंदररावाची पंगत' म्हणाले. कंत्राट त्याचं, नाव त्याचं. सुंदरराव बिचारा पापड पण भाजू नव्हता जाणत."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. हवा कशी आहे ते सांगावं तसं त्यांनी सांगितलं. सकाळी गालातल्या गालात हसणारी ही बाई, तिला पहिल्या पानावरचं नाव हवं होतं, खूप हवं होतं, आणि दुपारी ते सोडायला तिला एक क्षणही लागला नव्हता. सवय होती ना. पवित्राने फोन उचलला आणि महालक्ष्मीला लिहिलं, 'क्षमा करा. नाव मीनाक्षीबाईंचंच राहील.' आता तिच्या हाती बेचाळीस तास होते.

"अत्या, उद्या सकाळी चाळीस पदार्थांचं मीठ घालायचं. मोजून."

"मीठ मोजायचं?"

"तुम्ही हातानं घाला. मोजायचं माझ्यावर सोडा."

रविवारी सकाळी सहाला अश्विनने दुकानातून भांडी आणली, दोन माणसांच्या पातेल्यापासून वीस माणसांच्या गुंडापर्यंत, आणि मालकाकडून हट्टाने मागून आणलेला बारीक वजनकाटाही. कारण मीनाक्षीबाईंनी सांगून टाकलं होतं, की भांडं पुढ्यात नसेल तर हात चालणार नाही. भांड्यात काठापर्यंत पाणी, चूल पेटलेली, वाफ निघालेली. पवित्रा पदार्थाचं नाव आणि किती माणसांचं ते सांगायची. अत्या वाकून वाफेचा वास घ्यायच्या, ओठ मिटायच्या, खडेमिठात हात घालायच्या. पण भांड्यावर मूठ उघडण्याआधी पवित्रा खाली कागद धरायची, आणि कागद काट्यावर.

रसवांगी, चार माणसांची: अकरा ग्रॅम. आमटी, सहा माणसांची: एकोणीस. खात्री करायला दहाव्या पदार्थानंतर पवित्राने त्यांना न सांगता पुन्हा रसवांगीच म्हटलं. अकरा ग्रॅम. पंचविसाव्यानंतर पुन्हा. अकरा. अश्विन काट्याकडे पाहत राहिला, मग बायकोकडे, आणि हळूच म्हणाला, "आमच्या दुकानातला काटा इतका नीट चालत नाही गं."

या सगळ्याचं चित्रण होत होतं. पवित्राने आधी ठरवलं होतं की मागे वीणा वाजवायची, वर आपण माहिती सांगायची. पण पहिला तुकडा पाहिला आणि तिने तो विचार सोडून दिला. पडद्यावर फक्त तो हात, वाफ, मूठ, कागद, काट्यावरचा आकडा, आणि खाली पदार्थाचं नाव. कोणी बोलत नाही. असे चाळीस तुकडे तिने जोडले आणि सुरुवातीला एवढंच लिहिलं, 'आमच्या घरी मीठ घालताना बोलत नाहीत. म्हणून मी ते पुस्तकात लिहायला विसरले. चूक माझी, हात मीनाक्षीबाईंचा. हे घ्या मीठ.'

दुपारी दोनला तिने पुस्तकाची दुरुस्त प्रत चढवली. ज्यांनी आधी घेतलं होतं त्यांना ती आपोआप मिळाली. व्हिडिओ भजनमंडळींच्या गटांत गेला, साईकुमारने तो आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांना धाडला, आणि मग तो पवित्राच्या हातात राहिला नाही. तीनला आठशे लोकांनी पाहिला. चारला चार हजारांनी. कोणी लिहिलं, 'माझी आईही असंच ओठ मिटायची, मला वाटायचं ती रागावलीय.' कोणी फक्त अकरा ग्रॅम मिठाच्या रसवांगीचा फोटो टाकला. एक तारा देणारे परत येऊ लागले. तीन पूर्णांक सहा. तीन पूर्णांक सात. पवित्रा एकेकाला उत्तर देत होती, तिची बोटं दुखत होती, जेवण विसरलं होतं, आणि इतका आनंद तिला लग्नाच्या दिवशीही झाला नव्हता, हे तिने अश्विनच्या तोंडावर सांगितलं. तोही म्हणाला, "सेरि, बरोबर, मलाही नव्हता जाहला."

सोमवारी सकाळी नऊला सरासरी तीन पूर्णांक नऊ होती आणि तिथेच रुतून बसली होती. पवित्राने मनातल्या मनात पाचवेळा हिशेब केला. एक, फार तर दोन माणसं फिरली की झालं. पण फिरायचे ते सगळे फिरले होते. दहाला मुदत संपणार होती.

साडेनऊला दाराशी कोणी तमिळमध्ये हाक मारली. सत्तरीचा, उंच, पांढरी वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं धोतर, नेसलेला माणूस, हातात कापडात गुंडाळलेला स्टीलचा डबा.

"मी शंकरनारायण," तो म्हणाला. "चोळपुरम्‌हून. मीठ स्वतःसाठी ठेवून घेतलं असं लिहिणारा तो मीच. पत्ता साईकुमारने दिला."

पवित्राने त्याला आत बसवलं, पाणी दिलं. मीनाक्षीबाई पदर सावरत बाहेर आल्या.

"बायको गेल्यापासून मी स्वतः रांधतो," तो सांगू लागला. "आज पहाटे तुमची रसवांगी पुन्हा केली. अकरा ग्रॅम. पहिल्या बसने घेऊन आलो. शेरा बदलायचा तर नीट कळल्यावर बदलेन, उगाच दया म्हणून नाही. बरोबर जमलीय का ते तुम्ही सांगायचं. तुमच्याशिवाय कोणाला ठाऊक असणार?"

घड्याळात नऊ चाळीस झाले होते. पवित्राला वाटलं, आता अत्या संकोचतील, नंतर खाते म्हणतील, परक्याच्या हातचं म्हणून नुसता वास घेतील. पण मीनाक्षीबाईंनी स्वतःच डब्याचं कापड सोडलं. झाकण उघडताच वाफ वर आली. तीन थर कापडामुळे ती अजून निघत होती. त्यांनी ताटली आणायला सांगितलं, भात वाढून घेतला, वर रसवांगी, आणि जमिनीवर मांडी घालून पहिला घास घेतला.

दुसरा घास गेला. तिसरा. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

"जमलीय," त्या म्हणाल्या. "मिरची एक कमी घाला पुढच्या वेळेस. बाकी जमलीय."

शंकरनारायण खिशातून फोन काढून चष्मा शोधू लागला. त्याला तो मिळेना, तेव्हा पवित्राने आपला दिला. त्याने एकाचे पाच तारे केले आणि सावकाश एक एक अक्षर दाबत काहीतरी लिहिलं. नऊ सत्तावन्नला तीनचा आकडा पुसला गेला आणि तिथे चार उमटला. दहा वाजून दोन मिनिटांनी दुकानाचं पान नवं झालं. वरच्या ओळीत, दहातलं तिसरं, तो हात. आणि हाताखाली ठळक अक्षरांत नाव.

पवित्रा फोन घेऊन अत्यांच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसली. "अत्या, पाहा. पहिल्या पानावर. मीनाक्षीबाई. तुमचं नाव."

मीनाक्षीबाईंनी डाव्या हाताने फोन हळूच बाजूला केला आणि ताटलीत आणखी रसवांगी घेतली.

"पाहते गं मग. चाळीस वर्षं ही रांधली, सगळ्यांचं झाल्यावर गार उरलेली खाल्ली. गरम असताना कैसी लागते तें मजला आजच कळलं. जेवूं दे."